पंधराचं चाक, चौदाची स्टेपनी

३ मे २०२५, शनिवार

गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१९. ओडोमीटर ६८,४१०. रोज नाशिकच्या इंदिरानगर ते सिन्नरजवळची मुसळगाव एमआयडीसी, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, मध्ये मोहदरी घाट. चारही टायर गाडीसोबत आलेले, म्हणजे सहा वर्षांचे. पुढच्या दोन्हींची नक्षी झिजून खाचेतल्या उंचवट्यापर्यंत आली आहे. तो उंचवटा १.६ मिलिमीटरचा असतो. नक्षी तिथवर आली की टायर संपला. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, बारीक भेगा आहेत. पुढच्या डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा, आणि त्याच बाजूची लोखंडी डिस्क (टायर जिच्यावर बसतो ती) कडेला वाकलेली. मार्चमध्ये शिंदे गावाजवळ खड्ड्यात आदळली होती, ती हीच.

पंक्चरवाल्या मामांनी फुग्यावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "भाऊ, हा देवाच्या भरवशावर चाललाय." टायर काढून स्टेपनी चढवली. एक डिस्क तशीही बदलायची आहे, टायर चारही संपलेत. तर चाकांचाच एकदा नीट विचार करावा म्हणून ही वही.

४ मे

टायरवरचं माप १६५/८० आर१४, ८५. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, १४ हा रिमचा व्यास इंचांत. ८५ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. हा शेवटचा आकडा दुकानात कुणी वाचत नाही.

चाकाचा पूर्ण व्यास : १४ इंच म्हणजे ३५५.६, अधिक साइडवॉल दोनदा, १३२ आणि १३२. एकूण ६१९.६ मिलिमीटर. हा आकडा धरून चालायचं. स्पीडोमीटर, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), फेंडरमधली म्हणजे चाकावरच्या पत्र्याखालची जागा, सगळं याच्यावर बसवलेलं असतं. बाकी मापं लावून पाहिली :

१८५/६५ आर१५ : ६२१.५. फरक जेमतेम दोन मिलिमीटर.
१९५/५५ आर१६ : ६२०.९. हेही जमतं.
१९५/६० आर१५ : ६१५.
१७५/६५ आर१५ : ६०८.५. गाडी सेंटिमीटरभर लहान चाकावर, स्पीडोमीटर पावणेदोन टक्के जास्त दाखवणार.
१९५/६५ आर१५ : ६३४.५. हा टायर सहज मिळतो म्हणून बरेच जण टाकतात. अडीच टक्के मोठा. माझ्यासाठी बाद.

गाडीचं मॅन्युअल कधी नव्हे ते उघडलं. एकच पुस्तक सगळ्या मॉडेलांचं, त्यामुळे टायरच्या तक्त्यात १६५/८० आर१४ आणि १८५/६५ आर१५ दोन्ही आहेत. वरच्या मॉडेलला कंपनी पंधराच देते. हे पान आधी उघडलं असतं तर अर्धा रविवार वाचला असता, पण आकडेमोड करण्यात मजा असते ती वेगळीच.

११ मे

पुतण्याला घेऊन द्वारकेच्या अलीकडची तीन-चार दुकानं फिरलो. त्याचं म्हणणं, "काका, सतरा टाका, नाहीतर राहू द्या." भिंतीवर टांगलेली सतराची काळी मॅगव्हील दिसतात खरंच छान. (तरुण मुलं अलॉय म्हणतात, आमच्या वयाची माणसं आणि सगळे गॅरेजवाले अजून मॅगव्हील.) दुकानदार म्हणाला, "स्विफ्टला बिनधास्त बसतं सर, चार भोकं शंभर पीसीडी, झालं काम."

पीसीडी ४×१०० बरोबरच आहे. चार नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १०० मिलिमीटर. पण ती झाली फक्त पहिली अट. मी विचारलं, ईटी किती? त्याने पुतण्याकडे पाहिलं.

ईटी म्हणजे चाकाची हबला (गाडीचा ज्यावर चाक बसतं तो भाग) टेकणारी बाजू रुंदीच्या मध्यापासून किती बाहेरच्या अंगाला आहे, ते मिलिमीटरमध्ये. आकडा जितका कमी तितकं चाक फेंडरच्या बाहेर येतं, एकाला एक. त्यात रुंदी वाढली की तिचा अर्धा हिस्सा आत, अर्धा बाहेर. माझी डिस्क ५ इंच रुंद. भिंतीवरचं चाक ७ इंच. ईटी तोच धरला तरी रिमची कड २५ मिलिमीटर बाहेर आणि २५ आत स्ट्रटकडे (शॉकअब्सॉर्बरच्या खांबाकडे) सरकणार. वर ईटी कमी असेल तर आणखी बाहेर.

घरी येऊन फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडला. दोऱ्याला एक एम१० चा नट बांधला, झालं. दोरा आणि टायरचा सगळ्यात फुगलेला भाग यांतलं अंतर बावीस मिलिमीटर. म्हणजे ते सतराचं चाक फेंडरच्या बाहेर डोकावणार, चिखल दारांवर, आणि मागे तीन माणसं बसली की टायर कडेला घासणार. कायद्याचंही आहेच : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि कंपनीच्या मूळ मापांबाहेर गाडी बदलू नये असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलेलं. कंपनीच्याच तक्त्यातलं माप घेतलं तर हा प्रश्नच येत नाही.

पुतण्या रुसला. मिसळ खाऊ घातली.

१७ मे

नांदूर-शिंगोट्याला मावसभावाच्या कांद्याच्या खळ्यावर गेलो. तिथे पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. उन्हाळ कांद्याची आवक जोरात, हमाल गोण्या टाकतायत आणि मी मध्येच चाक घेऊन उभा. भाऊ म्हणाला, "दादा, याला भाव काय लागला?"

मोजलेलं असं. माझं मागचं चाक, लोखंडी डिस्क आणि झिजलेला टायर मिळून : १३.८ किलो. नुसती वाकडी डिस्क : ६.६. दुकानातून अनामत ठेवून आणलेलं १५ बाय ६ चं अलॉय, नुसती रिम : ७.१. आणि भावाच्या बलेनोचं चाक काढून ठेवलं, कंपनीचं १६ चं अलॉय, १९५/५५ टायरसह : १६.९.

म्हणजे 'अलॉय हलकं असतं' हे वाक्य एकाच मापाच्या दोन रिम शेजारी ठेवल्या तर खरं असेल. आपण अलॉय घेतो ते एक-दोन इंच मोठं, रुंद, जाड आऱ्यांचं. तिथे लोखंडाची बारीक डिस्कच हलकी निघते. बलेनोचं चाक माझ्या चाकापेक्षा तीन किलोने जड, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं. डिकीतल्या तीन किलोंना स्प्रिंग सांभाळते. चाकातले तीन किलो प्रत्येक खड्ड्यात शॉकअब्सॉर्बरला आवरावे लागतात, आणि सिग्नल सुटला की इंजिनाला फिरवावे लागतात. १२०० सीसीच्या गाडीत ते जाणवतं.

सोळा बाद. मुख्य कारण वजन, दुसरं साइडवॉल. माझा १३२ मिलिमीटरचा, पंधराचा १२०, सोळाचा १०७. खड्ड्यात रिम वाचवणारं रबर एवढंच असतं. लोखंडी डिस्क वाकते आणि मामा ती हातोड्याने सरळ करतात. अलॉय तडकतं. तडकलेल्या आऱ्याला वेल्डिंग करून देणारेही आहेत, पण त्या चाकावर मी घरच्यांना बसवणार नाही.

येताना भावाने गोणी दिली डिकीत. वीस किलो, स्प्रिंगच्या वरचे.

२५ मे

मे महिन्यात एवढा पाऊस पाहिला नव्हता. चाळीत भरायचा कांदा शेतात भिजतोय, भावाचा फोनवर आवाज पडलेला. स्टेपनीवर घाट चढताना पुढची चाकं दोनदा जागेवर फिरली.

ठरलं : १५ बाय ६ अलॉय, १८५/६५ आर१५. चौदाच्याच डिस्कवर १८५/७० आर१४ टाकायचा विचार दोन दिवस केला. व्यास ६१४.६, पाच इंची रिमवर बसतो, सगळ्यात स्वस्त पडला असता. पण डिस्क एक घ्यायचीच होती, आणि खरं सांगायचं तर सहा वर्षं प्लॅस्टिकच्या व्हीलकॅप क्लिपा मोडून मोडून वैताग आला होता. सगळीच कारणं तांत्रिक नसतात.

१ जून

टायर. या मापात सिएट, अपोलो, एमआरएफ, ब्रिजस्टोन, योकोहामा सगळ्यांचे आहेत, त्यामुळे अडलं काही नाही. शेजारचे काका सातपूरच्या सिएटमधून निवृत्त झालेत. त्यांच्यासमोर दुसरं काही घेऊन येण्याची हिंमत नव्हती, म्हणून सिएट. भाराचा आकडा ८८, म्हणजे ५६० किलो. जुन्यापेक्षा जास्त. कमी चालला नसता.

पहिल्या दुकानात चारही मिळून दोन हजार कमी सांगितले. साइडवॉलवर डॉटच्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहिले : १४२२. म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा. तीन वर्षं गोदामात पडलेला माल. "रबर तेच असतं सर," म्हणाला. मग स्वस्त का, विचारलं तर हसला. दुसरीकडे ११२५ चे मिळाले, या मार्चचे. एकाला ५,४००, चार म्हणजे २१,६००. आयएसआयचा शिक्काही पाहून घेतला.

अलॉयचा संच २२,०००. रिमच्या आतल्या बाजूला १५×६जे, ईटी ४०, जेडब्ल्यूएल (अलॉय चाकांच्या जपानी मानकाची खूण) असं ओतीव अक्षरांत आहे, स्टिकर नाही. आतून पाहिल्याशिवाय चाक घेऊ नये. पुढून सगळीच सुंदर असतात.

विमा कंपनीला फोन केला. बिल पाठवून नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंद केली, तरच चाकं चोरीला गेली किंवा फुटली तर त्यांची किंमत धरतात. थोडा हप्ता वाढला.

१४ जून, शनिवार

बसवली. नवे व्हॉल्व, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. नट कंपनीचेच चालले, १२ बाय १.२५ आट्यांचे, शंकूच्या बसणीचे. दुकानातला मुलगा एअरगनने धडाधड नट मारत होता, गाडीचं वजन चाकावर टेकलेलं असताना. मी टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच कसणारा पाना) घेऊन गेलो होतो, तो पाहून सगळे गालात हसले. शेवटी मॅन्युअलच्या आकड्यावर मी स्वतः कसले.

ओळंबा परत सोडला : नऊ मिलिमीटर शिल्लक. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, मागे चौघांना बसवून, स्पीडब्रेकरवरून नेलं. कुठेही घासत नाही. पूर्ण चाकाचं वजन १५.० किलो.

पुतण्याने फोटो काढला. म्हणाला, "बरीये." माझ्यासाठी हा भारतरत्न.

१६ जून

ताशी ८० पर्यंत मखमल. ८५ ला स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर, ९५ ला डॅशबोर्डवरचा गणपती नाचतो. ११० च्या पुढे कमी होते, पण तिथे मला जायचं नाही.

१८ जून

दुकानात परत बॅलन्सिंग. मशीनवर चारही शून्य. "अलाइनमेंट सर." अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने खातो, ठरावीक वेगाला थरथर ही बॅलन्सची किंवा चाक वाकडं फिरण्याची खूण. तरी अलाइनमेंटचे पैसे दिले. थरथर तशीच.

२१ जून

आज घरी चाक काढायला बसलो आणि पहिला धडा : गाडीतला पाना अलॉयच्या भोकात जात नाही. भोक अरुंद, पान्याची भिंत जाड. शनिवारी दुकानातल्या मुलाने पातळ सॉकेट वापरलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. रस्त्यात पंक्चर झालं असतं तर नुसतं चाकाकडे बघत बसलो असतो. जाऊन पातळ भिंतीचं १९ चं सॉकेट आणलं, डिकीत टाकलं.

चाक काढून मधल्या भोकात व्हर्नियर घातला. ७३.१. हबचा उंचवटा मोजला : ५४.१. दोन्हीकडे मिळून एकोणीस मिलिमीटरची मोकळीक!

कंपनीची डिस्क या ५४.१ च्या उंचवट्यावर चपखल बसते, म्हणजे नट लावायच्या आधीच चाक मध्यावर असतं. बाजारातलं चाक एकाच साच्यातून दहा गाड्यांना विकायचं, म्हणून भोक मोठं ठेवतात. मग मध्य धरायचं काम फक्त नटांच्या शंकूवर येतं. चाक हवेत ठेवून, समोरासमोरचे नट थोडे थोडे कसले तर शंकू ते करतातही. पण वजन टेकलेलं आणि एअरगनने एक नट आधी पूर्ण मारला, तर चाक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकून तिथेच आवळलं जातं. नंतर मी टॉर्क रेंचने अगदी अचूक कसलं. चुकीच्या जागी. आणि बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक शंकूवर मधोमध धरलं जातं, म्हणून तिथे सगळं शून्य!

२८ जून

हब आणि चाकाचं भोक यांतली मोकळीक भरणाऱ्या हब रिंग हव्यात. तयार प्लॅस्टिकच्याही मिळतात, पण मेंटेनन्सच्या माणसाने लेथ सोडून दुकानात जाणं म्हणजे आचाऱ्याने डबा मागवणं. अंबडला मित्राचं वर्कशॉप आहे. अ‍ॅल्युमिनियमचा गोल बार, बाहेरून ७३.०, आतून ५४.१५, जाडी १० मिलिमीटर, कडेला चाम्फर (तिरकी कड). पहिली रिंग बाहेरून दोन दशांशने कमी झाली, ती पेपरवेट. दुसरी चाकात अंगठ्याने दाबली तेव्हा बाटलीचं बूच बसावं तशी 'टुप्' करून बसली. अशा चार.

रिंग भार घेत नाही, भार नटांच्या पकडीवरच असतो. कसताना चाक मध्यावर धरणं, एवढंच तिचं काम.

जॅकवर, समोरासमोर, तीन फेऱ्यांत कसलं. रात्री दहा वाजता सिन्नर फाट्यापर्यंत जाऊन आलो. ९५ ला गणपती स्थिर.

६ जुलै

आषाढी. घोटीला मावशीकडे. इगतपुरीकडून असा पाऊस की वायपर दुसऱ्या गतीवरही पुरेना. रस्ता मोकळा पाहून ६० वरून ब्रेक दाबून पाहिला : सरळ थांबली, एबीएसची कुरकुर जवळजवळ नाही. याचं श्रेय रुंदीला देणारे पुष्कळ भेटतील. पाणी साचलेल्या रस्त्यावर रुंद टायर उलट लवकर तरंगायला लागतो. कामाला आली ती ताज्या नक्षीची खोली. जुनंच १६५ चं माप नवीन टाकलं असतं तरी बहुतेक हाच फरक पडला असता.

साबुदाणा वडे सात. उपवास.

२० जुलै

मोहदरी घाटाच्या वर, भर पावसात, मागचं डावं चाक बसलं. दोन इंची खिळा. मला आनंदच झाला म्हणा ना : पातळ सॉकेट आहे, स्टेपनी चौदाची पण व्यासात फक्त दोन मिलिमीटर कमी, सगळा हिशेब याच दिवसासाठी केलेला. पाच मिनिटांत नट सुटले, चाक हातात आलं. स्टेपनी चढवली तर ती हबला टेकेचना. बोटभर बाहेर.

रिंग. चाक निघालं, रिंग हबवरच राहिली. तीन आठवड्यांच्या पाण्याने अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड यांनी एकमेकांना धरलेलं. स्टेपनीच्या डिस्कचं भोक ५४.१, ते ७३ च्या रिंगवरून कसं जाणार? स्क्रू-ड्रायव्हर चाम्फरमध्ये घालून, जॅकच्या दांड्याने ठोकत, गोल फिरत फिरत वीस मिनिटं. पाठीत पन्हळ लागल्यासारखं पाणी. एक ट्रकवाला थांबला, काच खाली करून म्हणाला, "भाऊ, हब काढताय का घाटात?" शेवटी रिंग टणकन निघून गटारात गेली. गटारातून काढली.

स्टेपनीवर पुढचे दोन दिवस गाडी बिनतक्रार चालली.

२६ जुलै

चारही रिंग काढून साफ केल्या. बाहेरून सिलिकॉनचा ठिपका लावून चाकात चिकटवल्या, आतून हबच्या उंचवट्यावर ग्रीसचा हलका हात. मग दोनदा चाक काढून पाहिलं. दोन्ही वेळा रिंग चाकासोबत आली.

१७ ऑगस्ट

टाकी फुल ते टाकी फुल, त्याच पंपावर, ऑटो-कटपर्यंत. जुन्या चाकांवर पाच टाक्यांची सरासरी १८.९ किलोमीटर होती. नव्यांवर पहिल्या तीन टाक्या १८.१. हवा बघितली तर दुकानदाराने सवयीने सगळ्यांना मारतो तेवढी मारलेली. दारावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी थंड टायरवर भरून घेतल्यावर १८.४. उरलेला अर्धा किलोमीटर गेला रुंदीत, वजनात आणि नव्या नक्षीत. तो परत येणार नाही, मनाची तयारी आहे.

वळणावर गाडी आता कमी झुलते. खड्डा मात्र थोडा जास्त कळतो. बायकोचा एकमेव शेरा : "आवाज कमी झालाय, की मला कमी ऐकू येतंय?"

२२ सप्टेंबर

घटस्थापना. आजपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८. सकाळी घट बसवून झाल्यावर, न राहवून, कॅल्क्युलेटर घेतला. २१,६०० चे मूळ १६,८७५. त्यावर अठरा टक्क्यांनी १९,९१२. माझे १,६८८ गेले.

शेजारचे काका कंपाउंडवरून विचारत होते, त्यांच्या वॅगनआरचे टायर आता घ्यावेत का. म्हटलं, आधी तुमच्या गाडीचं मॅन्युअल आणा.